अथणी-चिकोडी पट्ट्यात पाण्याचा धंदा करताय? टीडीएसच्या पेनावर जाऊ नका

खानापुरात पावसाळाभर कपडे वाळत नाहीत आणि त्याच बेळगाव जिल्ह्यात अथणीचा शेतकरी आभाळाकडं बघत बसतो. त्यामुळं "इकडं पाण्याच्या धंद्याला (ठिबक, आरओ, निचरा) स्कोप आहे का?" असं कुणी विचारलं की मी आधी तालुका विचारतो. अथणी, रामदुर्ग, सौंदत्तीकडं पाण्याची ओढ. उगार-कागवाडच्या ऊसपट्ट्यात उलटं, पाणी पाजून पाजून जमिनी खारवल्यात; तिथं जमिनीखालून निचऱ्याच्या पाइपा टाकणारा माणूस हवाय. 2019 ला तर उन्हाळ्यात कृष्णा कोरडी पडली आणि ऑगस्टमध्ये महापूर आला. एकच मशीन विकून पोट भरेल असं वाटत असेल तर ते वर्ष आठवा.

आता मी ज्यात अडकलो ते सांगतो, जरा लांबण लागेल.

खिशातलं टीडीएसचं (म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं) पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्याला एका ठरावीक आकड्यानं गुणून क्षार दाखवतं. बस्स. क्षार कुठले, ते त्याला कळत नाही. दोन बोअरचं पाणी 900 दाखवेल. एकात सोडियम जास्त, दुसऱ्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. पहिलं काळ्या रानाची माती घट्ट करतं, दुसरं ठिबक तुंबवतं. माझ्या पहिल्या द्राक्षबागेत दुसरं होतं. बागायतदार मामांनी लॅटरल (ठिबकाची नळी) कापून माझ्या हातात दिली. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली, नखानं खरवडली तरी निघेना. "पोरा, तुझं पेन पाणी चांगलं म्हणत होतं न्हवं?" उरलेलं बिल अर्थातच लटकलं.

तेव्हापासून कोटेशनच्या आधी लॅबचा रिपोर्ट. पीएच, ईसी (पाण्याची वीजवाहकता), कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, लोह, एवढं तरी बघाच. नमुना घेताना मोटार थोडा वेळ चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा. आणि पावसाळ्यानंतरच्या एका रिपोर्टवर डिझाइन करू नका. एप्रिलमध्ये पातळी खाली गेली की त्याच बोअरचं पाणी बदलतं. आरओवाल्यांनाही हेच लागू: फ्लोराइड लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तरी पेनाचा आकडा ढिम्म हलत नाही.

तुंबलेलं ठिबक दिसलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा वाचतं. खपलीवर आम्लाचा थेंब टाका. फसफसली तर चुना, आम्ल प्रक्रियेनं जातो. तांबूस असेल तर लोह. बुळबुळीत असेल तर शेवाळ किंवा जिवाणू, तिथं क्लोरीन. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आम्ल आणि क्लोरीन एकत्र केलंत तर विषारी वायू होतो, यात मस्करी नको.

खरा पैसा या साफसफाईत आणि वर्षाच्या देखभालीत आहे, असं माझं मत. मशीन काय, सांगलीचा डीलरही स्वस्तात देतो.

गुरू कोण करावा? पुण्या-बेंगळुरूच्या स्टार्टअप शिबिरांतून मला व्हिजिटिंग कार्डं मिळाली. शिकलो ते मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसून. कुठल्या शिवारात बोअर किती खोल, कुणाची मोटार दर उन्हाळ्यात का जळते, हे त्या अण्णांना तोंडपाठ. एक हंगाम तिथं चहा प्या.

कन्नड येत नसेल तरी गावात अडणार नाही, निपाणी-चिकोडीकडं मराठीत निभतं. कागदावर मात्र अडेल. ठिबकाच्या अनुदानाला कर्नाटकचा फ्रुट्स आयडी (शेतकऱ्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) लागतो, आणि कन्नड उताऱ्यावरचं नाव व आधारवरचं नाव जुळलं नाही की फाइल तिथंच बसते. महाराष्ट्रातली डीलरशिप दाखवून इथलं अनुदान मिळत नाही. ज्या कंपनीचं ठिबक विकताय तिची नोंदणी इथं आहे का, आधी विचारा. अनुदान कधी जमा होईल त्यावर तुमचं खेळतं भांडवल लावू नका. निदान पाइप आणि फिल्टरचे पैसे शेतकऱ्याकडून माल उतरवण्याआधी घ्या, मग तो सख्खा मामा का असेना.