संघाची अध्यक्ष निवडताना

बायकांचा नवा बचत संघ काढायचा ठरला की पहिल्याच बैठकीत अध्यक्ष म्हणून एक नाव पुढं येतं. जिला चार माणसांत बोलता येतं, जिची सही झोकात असते, नाहीतर जिचा नवरा पंचायतीत मेंबर असतो, ती. बाकीच्या माना डोलावतात, चहा होतो, झालं. माझं ऐकाल तर त्या दिवशी कुणालाच अध्यक्ष करू नका.

पहिले काही महिने बैठक पाळीपाळीनं चालवा. एकीनं पैसे मोजायचे, दुसरीनं लिहायचं. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या. पुढच्या आठवड्यात बायका बदला. सगळ्यांना हिशेब येऊ लागतो हा एक फायदा, पण मोठा फायदा म्हणजे कोण कशी आहे ते आपोआप दिसतं.

बघायचं काय? आधी सुट्टे पैसे. "राहू दे गं, पुढच्या वेळी धरू," म्हणून दहा रुपये वहीत न लिहिता सोडणारी बाई प्रेमळ वाटते. पण ते दहा रुपये तिचे नसतात, सगळ्यांचे असतात, आणि आज मैत्रिणीला सोडणारी उद्या स्वतःलाही सोडते. मग बघा, हप्ता चुकलेल्या बाईशी ती कशी बोलते. नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात बायका पहाटेपासून चिखलात असतात, बैठकीला उशीर होतो, एखादीचा हप्ता राहतोच. त्या वेळी सगळ्यांसमोर तिची अब्रू काढणारी नको, आणि गप्प बसून नंतर विहिरीवर बोलणारी तर मुळीच नको. दंड जागेवर लिहून घेते आणि संध्याकाळी तिच्या घरी जाऊन "आक्का, काय अडचण हाय?" असं विचारते, ती हवी.

तिसरी गोष्ट जरा वेळानं दिसते. तिची जाऊ किंवा बहीण कर्ज मागायला येते, तेव्हा ती काय करते? आमच्याकडं एका बाईनं जावेच्या अर्जावर बोलायची वेळ आली तशी वही दुसरीकडं दिली आणि बाहेर पडवीत जाऊन बसली. आत अर्ज नामंजूर झाला. घरी तिला काय ऐकावं लागलं असेल ते तुम्ही ओळखा. पुढच्या बैठकीला ती वेळेवर आली. तिला अध्यक्ष करायला कुणाला भाषण द्यावं लागलं नाही.

गावात बाईची पारख भलत्याच गोष्टींवरून होते. पदर कसा घेते, बाजारातून किती वाजता परत येते, कुणाशी हसून बोलते. ते सगळं बाजूला ठेवा. पैशाला सगळ्यात चोख अशी जी बाई मी पाहिली, ती नवऱ्याला सोडून माहेरी राहिलेली होती. सुरुवातीला तिचं नाव घ्यायलाही कुणी तयार नव्हतं.

एवढी पारख कशाला, असं नव्या पोरी विचारतात. देशातली पहिली शेती पतसंस्था 1905 मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावात निघाली, आपल्यापासून फार लांब नाही. 1904 च्या सहकारी कायद्यानं खेड्यातल्या अशा संस्थांची जबाबदारी अमर्याद ठेवली होती. म्हणजे संस्था बुडाली तर देणं प्रत्येक सभासदाच्या दारात येणार. अशा वेळी शेजाऱ्याची जमीन किती हे नंतर विचारतात, आधी तो घेतलेलं परत करतो का ते विचारतात. आपलंही तेच आहे. कर्नाटक सरकारच्या संजीवनी योजनेतल्या संघाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा नियम आहे. मग बँक बघते काय? बैठका झाल्या का, वह्या नीट आहेत का, हप्ते वेळेवर गेले का. यातलं एक जरी अध्यक्षेनं बिघडवलं तरी कर्ज सगळ्यांचंच अडतं, तिचं एकटीचं नाही.

आता समजा, तुमचंच नाव ठरलं. पहिलं वर्ष स्वतः कर्ज घेऊ नका, घ्यायची वेळ आलीच तर शेवटी घ्या. उशीर झाला तर स्वतःचा दंड आधी भरा, सगळ्यांच्या देखत. कोऱ्या स्लिपवर सही करू नका, दुसरीकडूनही घेऊ नका. गोळा झालेले पैसे बँकेत जाईपर्यंत पेटीतच राहू द्या, घरात किराणा संपला असला तरी.

आपल्या सीमाभागात आणखी एक काम आहे. बऱ्याच संघांत मराठी बोलणाऱ्या आणि कन्नड बोलणाऱ्या बायका एकत्र असतात, आणि बँकेचे कागद कन्नडमध्ये येतात. हिशेब दोन्ही भाषांत मोठ्यानं वाचा. स्वतःला येत नसेल तर जिला येतं तिच्याकडून वाचून घ्या. "सही कर, मी सांगते काय ते," असं म्हणणारी अध्यक्ष कितीही चांगली असली तरी तिच्यावर विसंबू नये.

निवडणुकीत पुढारी येतात. "सभेला तुझ्या संघातल्या बायका आण की." परस्पर हो म्हणू नका. बैठकीत विचारा, जिला जायचं ती जाईल. आणि "तुझ्या नावावर उचल, हप्ता मी भरते," असं सांगणारी कुणीही असो, तिला थांबवा. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या जबरदस्तीच्या वसुलीवर 2025 मध्ये कर्नाटक सरकारनं आधी अध्यादेश काढला, मग त्याचा कायदा केला. तो वसुलीवाल्याला आवरतो. पण दुसरीच्या शब्दावर तुम्ही केलेली सही तुमचीच राहते.

अध्यक्ष चांगली असली तरी दोन वर्षांनी बदला. वाईट निघाली तर थांबू नका, पण तिच्या पाठीमागं कुजबुज करण्यापेक्षा ती बसली असतानाच ठराव मांडा, आकडे वाचा, तिला बोलू द्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मग बँकेत ठरावाची नक्कल, खात्यावर सही करणाऱ्या नव्या दोघींचे फोटो आणि आधारकार्ड घेऊन जा. जमलं तर जुन्या अध्यक्षेलाही सोबत न्या. काउंटरवरचे लोक तिलाच ओळखतात, आणि काम एका खेपेत होतं.