अभ्यासिकेतील तरुण ग्रंथालयाचा वाचक कसा होईल?

ग्रंथालयात तरुण फिरकत नाहीत, ही कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हमखास ऐकू येणारी तक्रार अर्धीच खरी आहे. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांत सार्वजनिक ग्रंथालयाची अभ्यासिका पोलीस भरतीपासून राज्यसेवेपर्यंतच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी भरलेली असते. मात्र ही मुले-मुली स्वतःच्या नोट्स घेऊन येतात आणि वर्षभर त्याच खुर्चीवर बसूनही शेजारच्या पुस्तकांच्या देवघेव विभागात पाऊल ठेवत नाहीत. त्यामुळे महाविद्यालयांच्या फाटकावर फलक लावण्याआधी सुरुवात अभ्यासिकेपासून करावी.

त्यासाठी पुस्तकांनीच तिथे जावे. अभ्यासिकेच्या दाराजवळ एक उघडे रॅक ठेवून त्यात तीस-चाळीस पुस्तके मांडावीत आणि दर पंधरवड्याला ती बदलावीत. स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शके या रॅकवर मुळीच नकोत, कारण ती विद्यार्थ्यांकडे असतातच. त्याऐवजी आत्मचरित्रे, महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासावरची सुबोध पुस्तके, विज्ञानविषयक लेखन आणि चहाच्या सुटीत एखादी कथा वाचून होईल असे कथासंग्रह निवडावेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली असून तीत निबंधाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. अवांतर वाचनाची गरज पटवण्यासाठी ग्रंथपालाला यापेक्षा सोयीचे निमित्त मिळणार नाही. तरीही प्रत्येक पुस्तकाला परीक्षेतील उपयोगाची चिठ्ठी डकवू नये. निम्मी पुस्तके निव्वळ आनंदासाठी असावीत.

रॅकवरील पुस्तक नेण्यासाठी सभासदत्वाची अट न घालता शेजारी ठेवलेल्या वहीत नाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि तारीख लिहिणे पुरेसे मानावे. चार-दोन पुस्तके परत येणार नाहीत, हे मंडळाने आधीच मान्य करून तसा ठराव करावा, म्हणजे हरवलेल्या प्रतीचा जाब पुढे ग्रंथपालाला द्यावा लागणार नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील पहिलेच सूत्र पुस्तके उपयोगासाठी असतात असे सांगते. आपल्याकडची कित्येक कपाटे मात्र अजून कुलपात आहेत आणि किल्ली कार्यवाहांच्या घरी!

वहीत ज्यांचे नाव दोन-तीनदा आले, त्यांना सभासद होण्याविषयी विचारावे. येथे खरी अडचण अर्जाची असते. परगावाहून येऊन खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याने जुन्या सभासदाची शिफारस कोठून आणावी? महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि सध्याचा पत्ता यांवर सभासदत्व द्यावे, अनामत एका पुस्तकापुरती ठेवावी आणि ती हप्त्याने भरण्याची मुभा असावी. गाव सोडताना अनामत त्याच दिवशी परत मिळते, हे अर्जावरच ठळक छापावे. पैसे अडकून पडतील या धास्तीने अनेक जण अर्ज नेऊनही भरत नाहीत.

यानंतर ग्रंथखरेदीकडे वळावे. अनुदानातील ग्रंथखरेदी पुष्कळ ठिकाणी मार्चअखेरीस घाईघाईने उरकली जाते आणि निवड ज्येष्ठ सभासदांच्या आवडीनुसार होते. मागणीची नोंदवही अभ्यासिकेतही ठेवावी, प्रत्येक मागणीपुढे ‘मागवले’, ‘उपलब्ध आहे’ किंवा ‘नाकारले, कारण...’ असे उत्तर महिन्याभरात लिहावे आणि खरेदीच्या रकमेतील ठरावीक हिस्सा तरुण सभासदांच्या छोट्या समितीने निवडलेल्या पुस्तकांसाठी राखावा. उत्तर न मिळालेली नोंदवही ठेवण्यापेक्षा ती न ठेवलेली बरी.

कार्यक्रमांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन अनेक ठिकाणी हार, दीपप्रज्वलन आणि तासाभराचे भाषण यांत संपतात, आणि मागच्या रांगेतील मुले केवळ हजेरीसाठी बसलेली असतात. त्यापेक्षा याच अभ्यासिकेतून नोकरीला लागलेल्या एखाद्या तलाठ्याला किंवा फौजदाराला बोलावून अभ्यासक्रमाबाहेर त्यांनी काय वाचले, एवढ्याच विषयावर गप्पा ठेवाव्यात. तारीख ठरवण्यापूर्वी परीक्षांचे वेळापत्रक अवश्य पाहावे. ग्रंथालयाचे इन्स्टाग्राम खाते दोघा-तिघा तरुण सभासदांकडे सोपवावे. तेथे सत्कारसमारंभांच्या छायाचित्रांऐवजी नव्या पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि वाचणाऱ्याचे चार ओळींचे मत असावे.

मुलींसाठी वेळ आणि सोय यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. स्वच्छतागृह बंद असेल, जिना अंधारा असेल किंवा देवघेव शेवटची एसटी गेल्यानंतर सुरू होत असेल, तर कोणताही उपक्रम त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. देवघेवीची वेळ ठरवताना बसस्थानकावरील वेळापत्रक समोर ठेवावे. आठवड्यातून दोन दिवस दुपारी तासभर खिडकी उघडी ठेवली, तरी बराच फरक पडतो.

उपक्रम चालतो आहे की नाही, हे कार्यक्रमाच्या उपस्थितीवरून ठरवू नये. दर तीन महिन्यांनी अभ्यासिकेचे हजेरीपत्रक आणि देवघेवीची नोंद शेजारी ठेवून दोन्हींत असलेली नावे मोजावीत, त्यांचा आकडा बैठकीच्या इतिवृत्तात लिहावा आणि तो वाढला नसेल, तर सर्वप्रथम रॅकवरील पुस्तके बदलून पाहावीत.