लघवीची गोळी, पण कुठली?

फलटणला माझं मेडिकल आहे, तीस वर्षं होऊन गेली. संध्याकाळी कुणी ना कुणी साठी ओलांडलेला माणूस काउंटरशी येतो, गर्दी पांगेपर्यंत उगाच च्यवनप्राशचे डबे न्याहाळत उभा राहतो आणि मग हळूच म्हणतो, "ती लघवीची गोळी द्या."

इथेच माझी पंचाईत होते. आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या औषधांना 'लघवीची गोळी' म्हणतात. एक पायांवरची सूज उतरवायला किंवा हृदयावरचा भार कमी करायला दिलेली, लघवी जास्त करायला लावणारी, म्हणजे फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड वगैरे. दुसरी प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढल्यामुळे अडकत अडकत होणारी लघवी मोकळी व्हावी म्हणून. धार आधीच अडलेल्या माणसाच्या हातात चुकून पहिली पडली तर रात्रभर त्याचे काय हाल होतील, ते सांगायला नको. तेव्हा पहिलं काम हे: रिकामी स्ट्रिप घेऊनच दुकानात या. रंग सांगू नका, "ती पिवळी-हिरवी कॅप्सूल" असल्या वर्णनाच्या चार कॅप्सूल माझ्याकडे आहेत.

मी डॉक्टर नाही. कुठलं औषध, किती, हे युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ, ठरवतात, तेही लघवी तपासून, सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते बघून आणि पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करून. दिलेलं औषध नीट कसं घ्यायचं, एवढंच मी सांगू शकतो. आणि गेली तीन वर्षं मी स्वतःही प्रोस्टेटची कॅप्सूल, टॅम्सुलोसिन, घेतोय.

आता आतलं औषध काय करतं ते जरा समजून घ्या, पुढचं निम्मं आपोआप कळेल. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन ही एका घरातली भावंडं. प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी जे स्नायू आवळून बसलेले असतात त्यांना ही औषधं सैल करतात. ग्रंथी तेवढीच राहते, वाट तेवढी ढिली होते. म्हणून फरक काही दिवसांतच जाणवतो. पण सैल करण्याचं हे काम तिथेच थांबत नाही. रक्तवाहिन्या थोड्या सैल पडल्या की उभं राहताना बीपी उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. नाकातल्या वाहिन्या फुगतात आणि नाक चोंदतं. मूत्राशयाचं तोंड सैल राहिल्यामुळे संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता आतल्या आत मागे जातं किंवा फारच कमी येतं. सिलोडोसिनमध्ये हे जास्त दिसतं. विचारायला लाजून कितीतरी माणसं गोळीच बंद करून टाकतात. वीर्य असं मागे जाण्यात अपाय काही नसतो आणि औषध थांबलं की ते पूर्ववत होतं. सतावत असेल तर डॉक्टर औषध बदलून देतात, तेवढं बोलायची लाज सोडा.

टॅम्सुलोसिनचा नेहमीचा डोस ०.४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, रोज त्याच जेवणानंतर साधारण अर्ध्या तासाने. कॅप्सूल अख्खी गिळायची. आतले दाणे हळूहळू विरघळावेत असे बनवलेले असतात. "घशात अडकते" म्हणून एका बाईंनी नवऱ्याची कॅप्सूल उघडून दाणे मधात कालवले होते, ते चावले की दिवसभराचं औषध एकदम अंगावर येतं. गिळायला जमत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

'जेवणानंतर' या शब्दाकडे कुणी लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. दुपारी वाटीभर वऱ्याचे तांदूळ, संध्याकाळी काहीच नाही, दुकानातच उशीर झाला. दहाच्या सुमारास दोन घोट ताक पिऊन कॅप्सूल घेतली आणि झोपलो. दिवसात आठशे जणांना सांगितलेली गोष्ट स्वतःच्या वेळी डोक्यातच आली नाही. अडीचला लघवी लागली म्हणून तडक उठलो, मोरीत उभा राहिलो, धार सुरू झाली आणि पुढचं आठवत नाही. कपाळ नळाच्या तोटीवर आपटलं होतं. आतून कडी लावलेली, मुलाला ती खांद्याने उचकटावी लागली. चार टाके पडले.

नंतर हिशोब मांडला. भरल्यापोटी घेतलं तर टॅम्सुलोसिनची रक्तातली पातळी सहा-सात तासांनी शिगेला पोचते. उपाशीपोटी ती चार-पाच तासांतच पोचते, आणि तेव्हाचं ते टोक ४० ते ७० टक्के उंच असतं. रात्री दहा अधिक साडेचार तास. मी नेमका त्या टोकावर उभा होतो. त्यात दिवसभर पाणी कमी, सकाळी बीपीची गोळी घेतलेली, आणि उभ्याने लघवी करताना एरवीही बीपी जरा उतरतंच.

तेव्हापासून घरात काही गोष्टी पक्क्या झाल्यात. उपवास असला तरी दिवसातलं जे मोठं खाणं असेल, मग ते साबुदाण्याचं का असेना, त्यानंतरच कॅप्सूल. निर्जळी उपवास करणाऱ्यांनी त्या दिवसाचं आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. रात्री उठताना आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडून पलंगाच्या काठावर बसायचं, पायाची बोटं वीसेक वेळा वर-खाली करायची आणि मगच उभं राहायचं. रात्रीची लघवी बसूनच. पुरुषांना याचा कमीपणा का वाटतो कोण जाणे. मोरीत छोटा दिवा चालू आणि दाराला कडी नाही. गरगरलंच तर वाट न बघता तिथल्या तिथे खाली बसायचं.

पहिले काही दिवस, डोस वाढवल्यावर आणि मध्ये खंड पडून पुन्हा सुरू केल्यावर हे सांभाळणं सगळ्यात महत्त्वाचं. त्या दिवसांत मोटरसायकल, ट्रॅक्टर, विहिरीवरची चढउतर टाळा. घरी बीपीचं यंत्र असेल तर बसून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली येत असेल तर ते आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. एखादा डोस चुकला आणि त्याच दिवशी आठवला तर आधी काहीतरी खा आणि मग तो घ्या, दुसऱ्या दिवशी दोन मात्र घेऊ नका.

दुहेरी डोस याहून छुप्या वाटेनेही होतो. पुण्याच्या डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन आणि ग्रंथी आकसवणारं ड्युटास्टेराइड एकत्र असलेली कॅप्सूल लिहिलेली, गावातल्या डॉक्टरांनी आधीच नुसतं टॅम्सुलोसिन दिलेलं, आणि जावयाने जनऔषधी केंद्रातून स्वस्त पडतं म्हणून तेच तिसऱ्या वेष्टनात आणलेलं. जेनेरिक घेण्यात काहीच वावगं नाही, पण जुनी पाकिटं डब्यातून काढून टाका. ठळक अक्षरातलं नाव सोडा आणि त्याखालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. चष्मा लावून, उजेडात. तेही दिसत नसेल तर तुमच्या मेडिकलवाल्याला वाचून दाखवायला लावा, त्यासाठीच तो आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सर्दीच्या गोळीने. आधी सांगितलं तसं या औषधाने नाक चोंदतं. माणसाला वाटतं सर्दी झाली. तो येतो आणि 'सर्दीची एक' मागतो. त्या गोळीत बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन असतं. पहिलं मूत्राशयाचा जोर कमी करतं, दुसरं मूत्राशयाचं तोंड आवळतं. आमच्या एका आबांना अशीच गोळी दिली गेली, आणि लपवण्यात अर्थ नाही, ती माझ्याच दुकानातून. मी जेवायला घरी गेलो होतो, मुलाने विचारलं नाही, आबांनी सांगितलं नाही. मध्यरात्री लघवी पूर्ण तुंबली, पोट दगडासारखं, पहाटे दवाखान्यात नळी घालावी लागली. पोटात कळ येते म्हणून घेतलेली डायसायक्लोमिनची गोळी, झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेली अॅमिट्रिप्टिलिन, खाज-अॅलर्जीच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या, बरीचशी खोकल्याची औषधं, ही सगळी त्याच यादीत बसतात. तेव्हा साधी सर्दीची गोळी मागतानाही आधी "मला प्रोस्टेट आहे" म्हणा. प्रोस्टेट सगळ्याच पुरुषांना असतं हे मला माहीत आहे, पण काउंटरवर तेवढ्याने काम भागतं.

दुसरी टक्कर ताठरतेसाठीच्या निळ्या गोळीशी. सिल्डेनाफिल, टाडालाफिल यांनीही बीपी उतरतं, टॅम्सुलोसिनबरोबर ते जास्तच. डॉक्टर दोन्ही विचारपूर्वक देऊ शकतात, टाडालाफिल ५ मिलिग्रॅम तर प्रोस्टेटच्या त्रासासाठीच रोज देतात. पण मित्राकडून मागून घेतलेली नको. आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ज्यांच्या खिशात असते त्यांनी सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्यांना हातही लावायचा नाही, जिवावर बेतू शकतं. बुरशीवरची इट्राकोनाझोल, किटोकोनाझोल ही औषधंही सांगून घ्या, ती सिलोडोसिन आणि अल्फुझोसिनबरोबर चालतच नाहीत. किडनी कमजोर असेल तर सिलोडोसिनचा डोस निम्मा करतात, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळ ठेवा. गोखरू, चंद्रप्रभा वगैरे घेत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

मोतीबिंदूची गोष्ट तर बहुतेकांना माहीतच नसते. २००५ साली अमेरिकेतल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी लिहिलं की टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांच्या डोळ्यातला रंगीत पडदा, म्हणजे बुबुळ, शस्त्रक्रियेच्या वेळी लुळं पडून फडफडतं आणि बाहुली आक्रसते. तेच सैल पडणं, फक्त डोळ्यात. आधी कळलं तर सर्जन तयारीने उतरतात, न कळलं तर गुंतागुंत वाढते. औषध चार दिवस आधी बंद केल्याने भरवशाचा फायदा होत नाही, म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. पूर्वी कधी घेतलं असेल तरी सांगा. शिबिरात फॉर्म भरणारा मुलगा "बीपी, शुगर?" एवढंच विचारतो, प्रोस्टेटचं तुम्हीच बोला. आणि मोतीबिंदूची तारीख आधीच ठरली असेल तर प्रोस्टेटचं औषध सुरू करण्याआधी युरॉलॉजिस्टना तसं सांगा.

आता ग्रंथी आकसवणारी औषधं: फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम. यांना घाई करून चालत नाही, पुरता गुण यायला सहा महिने लागतात. महिन्याभरात "काही फरक नाही" म्हणून सोडलं तर पैसे वाया. इच्छा कमी होणं, छातीची गाठ दुखणं असं काही जाणवलं तर सांगा. या औषधांनी पीएसए साधारण सहा महिन्यांत निम्म्यावर येतं. रिपोर्टात २.२ आलं की घरचे पेढे वाटतात, पण ते ४.४ समजून वाचायचं असतं. म्हणून रक्त देताना हे औषध चालू असल्याचं सांगा, आणि उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

ड्युटास्टेराइडची कॅप्सूल मऊ असते, आत तेलकट द्रव. तो कातडीतून शरीरात जातो, आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियाच्या वाढीला धोका असतो. बऱ्याच घरांत सासऱ्यांचा आठवड्याचा गोळ्यांचा डबा सूनच भरते. ती गरोदर असेल किंवा होणार असेल तर तो डबा तुम्ही स्वतः भरा. फुटलेल्या कॅप्सूलला तिचा हात लागलाच तर लगेच साबणाने धुवायचा. फिनास्टेराइडची अख्खी गोळी एवढी धोक्याची नसते, तुकडा किंवा भुगा असतो. केस गळतात म्हणून वडिलांची ५ ची गोळी सुरीने चौथाई करून खाणारी तरुण मुलं मला ठाऊक आहेत, तो भुगा स्वयंपाकघराच्या ओट्यावरच पडतो. रक्तदानाच्या मांडवात जाणार असाल तर ड्युटास्टेराइड बंद होऊन सहा महिने झालेले असू द्या.

लघवी अजिबात होत नसेल आणि पोट तडतडत असेल, थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेलं, शुद्ध हरपली, किंवा ताठरता चार तास उतरली नाही, तर सकाळची वाट बघू नका. त्या वेळी मेडिकलमध्ये येऊनही उपयोग नाही, सरळ दवाखाना गाठा.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला मुक्कामाला येते, तेव्हा माझ्या दुकानात हेच औषध सर्वांत जास्त विचारलं जातं. आळंदीहून निघताना घेतलेली पट्टी संपलेली असते, किंवा वाटेत सोय नाही म्हणून चार-पाच दिवस गोळी आणि पाणी दोन्ही सोडलेलं असतं. पाणी तोडून लघवी थांबत नाही, उलट जळजळ वाढते आणि उन्हात भोवळ येते. दिवसा पुरेसं प्या, झोपायच्या दोन तास आधी कमी करा, चहा दुपारनंतर आवरा. खंड पडलेला असेल तर पहिल्या दिवसासारखंच जपून सुरू करा.

गेल्या वर्षी परभणीकडच्या एका वारकरी बाबांना मी पावतीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं: जेवणानंतर, अख्खी, उठताना बसून. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आणि माउली, पंढरीला एकादशीला?" मी केस मागे सारून कपाळावरची चार टाक्यांची खूण दाखवली. बाबांनी जवळ येऊन ती नीट बघितली.

"म्हणजे खिचडी खाऊनच," ते म्हणाले, आणि पावती घडी करून टोपीत ठेवली.