पॅटर्नवाल्याच्या दुकानातून सुरुवात: बेळगावच्या डिझायनरांनी यंत्रे बनवण्याचा उद्योग कसा उभारावा

निर्मितीची साधने सामान्य कारागिराच्या आवाक्यात आणणारा स्टार्टअप काढायचा असेल, तर डिझायनरांनी कंपनीचे नाव ठरवण्याआधी उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचा लाकडी नमुना, बनवणाऱ्याच्या दुकानात काही आठवडे बसावे. ओतलेले बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण १ टक्का आकसते, ॲल्युमिनियम त्याहून थोडे अधिक. म्हणून लाकडी पॅटर्न मूळ मापापेक्षा तेवढा मोठा घडवावा लागतो. धातू निवडताच ही वाढ आपोआप धरणारे सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र) त्या कारागिराला हवे असते, आणि ते धरत नसेल तर निम्म्या किमतीत देऊनही तो घेणार नाही.

नियंत्रणाची प्रणाली नव्याने लिहिण्याच्या फंदात पडू नये. आर्डुइनो या छोट्या, स्वस्त नियंत्रक पाटीवर चालणारी ‘जीआरबीएल’ ही मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांची सर्वांना खुली कार्यशाळा, आहे. तिथे एक फेरी जरूर मारावी, कारण खेड्यातल्या हातांत अशी साधने कशी रुळतात हे दिल्ली-बंगळूरच्या सादरीकरणांतून कळत नाही. आपली खरी बुद्धी यंत्राच्या सांगाड्यावर खर्च करावी. बाहेरून ॲल्युमिनियमचे तयार खांब मागवण्याऐवजी बेड (यंत्राची बैठक) इथल्याच फौंड्रीत बिडाचा ओतून घ्यावा, कारण बीड कंपन शोषून घेते. बेअरिंग आणि पट्टे गावच्या बाजारात मिळतील त्याच मापाचे असावेत, यंत्र सिंगल फेजवर चालावे, आणि वीज गेली तरी काम थांबले तिथूनच पुढे सुरू व्हावे.

चाचणी जुलैत, खानापूरकडे घ्यावी; त्या पावसात एमडीएफ (लाकडी भुशाचा दाबून केलेला फळा) फुगतो आणि थ्रीडी प्रिंटरची प्लास्टिकची तारही ओल धरते. लेसर कटर करणार असाल, तर रेक्झिन व पीव्हीसी कापू नये ही सूचना झाकणावरच मराठीत आणि कन्नडमध्ये कोरावी, कारण त्यातून क्लोरिनयुक्त विषारी वायू निघतो, जो माणसाची फुप्फुसे आणि यंत्राचे लोखंड दोन्ही खातो.

विक्रीत सीमा आडवी येते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, परंतु जीएसटीच्या दृष्टीने सीमा आजच पक्की आहे: शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या शिनोळीला एक यंत्र विकले तरी तो आंतरराज्य व्यवहार ठरतो, त्यामुळे उलाढाल कितीही लहान असली तरी आधी नोंदणी करावी लागते, आणि माल ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर ई-वे बिलही (मालवाहतुकीची ऑनलाइन पावती) लागते. लहान व्यावसायिकांना ठोक दराने कर भरू देणाऱ्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत राहून असा माल राज्याबाहेर विकता येत नाही, हे योजना निवडण्यापूर्वीच पाहावे.

माहितीपुस्तिका मात्र सर्वांत शेवटी लिहावी. पहिले यंत्र ज्या दुकानात बसवाल, तिथला कारागीर ते आपल्या हाताखालच्या पोराला कोणत्या शब्दांत समजावतो ते ऐकावे आणि तेच शब्द छापावेत.