डिझेलच्या बॅरलमधलं पाणी कसं काढावं

ट्रॅक्टर किंवा इंजिनासाठी घरी डिझेल ठेवायला परवाना लागतो असं सांगून कुणीतरी घाबरवतंच. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका जागी २,५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १,००० लिटरपर्यंत परवाना लागत नाही.

बॅरल २०० लिटरचं, साधं लोखंडी. जस्ताच्या पत्र्याची टाकी नको. ती गंजत नाही हे खरं, पण जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि फिल्टर चोंदतो. बॅरल सावलीत, विटांवर, कडब्यापासून लांब. जवळ वाळूची बादली.

आता पाणी. मला सगळ्यात जास्त यानंच छळलंय. अर्धवट भरलेल्या बॅरलमध्ये रात्री गारव्यानं आतल्या हवेतलं बाष्प धरतं. शिवाय उभ्या बॅरलच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचलं की गार होणारं बॅरल ते बुचातून आत ओढतं. पाणी जड, तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जंतू वाढतात आणि काळी, बुळबुळीत घाण तयार होते. मग फिल्टर भरतो आणि माणूस पंपवाल्याला शिव्या देतो.

म्हणून बॅरल थोडं कलतं ठेवा, पण दोन्हींपैकी एकही बूच उताराच्या बाजूला येऊ देऊ नका. नवीन डिझेल ओतलेल्या दिवशी पाणी काढायला जाऊ नका, सगळं ढवळलेलं असतं. रात्रभर बसू द्या. सकाळी पारदर्शक नळी लांब सळीला बांधून तिरकी आत घाला, टोक सगळ्यात खालच्या कोपऱ्याला टेकवा आणि हातपंपानं हळूहळू काचेच्या बाटलीत ओढा. तोंडानं अजिबात नाही; डिझेल फुप्फुसात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो. बाटलीत खाली पाणी दिसतंय तोवर ओढत राहा. निघालेली घाण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

‘पाणी विरघळवणारं’ औषध टाका, असं दुकानदार सांगतील. विरघळलेलं पाणी जातं कुठं? थेट इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला. औषध टाकायचंच तर डिझेलसाठीचं जंतुनाशक, तेही पाणी काढून झाल्यावर.

वापरायच्या पंपाची नळी तळापासून तीन-चार इंच वर ठेवा. जुनं डिझेल आधी वापरा, सहा महिन्यांत संपवा. पावसाळ्याआधी बॅरल भरून घ्या, वर चार बोटं जागा सोडून.

कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी बॅरल खांबाला साखळीनं बांधावं. डिझेल पाण्याहून हलकं असल्यानं पुरात भरलेलं बॅरलही तरंगतं, आणि २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. साखळी ढिली ठेवू नका, बुचाचा वायसर दरवर्षी मे महिन्यात बदला.