पीओपीची मूर्ती बादलीत विरघळवायची असेल तर

मागच्या वर्षी शाडूची म्हणून घेतलेली आमची मूर्ती बादलीत ठेवली आणि चार दिवसांनी बघतो तर बाप्पा जसेच्या तसे, फक्त रंगाचे पापुद्रे तरंगतायत. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहितोय.

पीओपी म्हणजे जिप्समचा दगड (बराचसा राजस्थानातून येतो) साधारण १५० डिग्रीला भाजून पाणी उडवलेली पावडर. पाणी घातलं की ती परत जिप्सम होते, म्हणजे परत दगडच, आणि तो लिटरभर पाण्यात जेमतेम २-अडीच ग्रॅम विरघळतो, म्हणजे २ किलोच्या मूर्तीला गच्चीवरची अख्खी टाकी लागेल, बादलीचं काय घेऊन बसलात! पण मूर्तिकाराला शिव्या देऊ नका, साच्यात ओतली की पटकन घट्ट होते, हलकी असते, टेम्पोत मोडत नाही, त्याला तेच परवडतं. पुढे तिचं काय होणार हा विचार कुणीच आधी केला नाही, ही खरी गोची.

उपाय पुण्याच्या एनसीएलवाल्यांनी (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) दिलाय, अमोनियम बायकार्बोनेट. खायचा सोडा नाही हं, तो सोडियमचा! मूर्तीच्या वजनाइतकी पावडर घ्या (रसायनाचा हिशोबही जवळपास तोच, १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम), मूर्ती बुडेल एवढं पाणी, बादली प्लॅस्टिकची, तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको. बाल्कनीतच ठेवा कारण वास थेट डोक्यात जातो, आणि झाकण घट्ट लावू नका, गॅस सुटतो. दोन-तीन तासांनी ढवळत राहा, लहान मूर्तीला साधारण ४८ तास धरा.

तळाशी बसतो तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. भरपूर पाणी मिसळून शोभेच्या झाडांना घाला, ऑइल पेंटवाली मूर्ती असेल तर मेथी-कोथिंबिरीला मी तरी घालणार नाही. पापुद्रे आणि आतला काथ्या आधीच गाळून काढा.

शाडूही विरघळत नाही बरं का, नुसती सुटून खाली बसते, आणि तीही कुठूनतरी खणूनच आणलेली असते, आपल्याकडे बरीचशी गुजरातमधून. म्हणून गाळ फडक्यातून गाळून वाळवा, ओळखीच्या मूर्तिकाराला परत द्या, नाहीतर पुढच्या वर्षी मुलांना द्या. आणि घेताना त्याला विचारून मूर्ती उलटी करा, रंग न लागलेल्या जागी ओलं बोट फिरवा, शाडू असेल तर बोटाला चिखल लागतो.