बेळगावात जिवलगांबरोबर दोन निवांत दिवस कसे घालवावेत

शाळा-कॉलेजातली मंडळी चाळिशीकडे झुकली की भेट होते ती कुणाच्या लग्नात, नाहीतर कुणाच्या घरी वाईट झाले म्हणून. एक निपाणीत दुकान सांभाळतो, एक पुण्यात कंपनीत, एकीचे सासर हुबळीला, एक जण खानापुरातच मास्तर. अशा मंडळींनी दोन रात्री एकत्र काढायच्या, तर बेळगाव गाठावे असे माझे ठाम मत आहे. इथे यादी करून बघत सुटावे असे फार नाही. चालायला सावलीचे रस्ते आहेत, खायला चांगले मिळते, आणि तास-दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. मुख्य कार्यक्रम गप्पांचा धरायचा आणि बाकीचे त्याच्या सोयीने लावायचे.

आधी माणसे आणि पैसे

चार ते सहा जण पुरेत. त्याहून जास्त झाले की एका टेबलावर मावत नाहीत, एका गाडीत बसत नाहीत आणि पहिल्याच जेवणाला दोन गट पडतात. घरची माणसे आणायची की नाही, हे मोकळेपणाने आधीच बोलून घ्या. माझ्या मते या खेपेला नकोत. त्यांच्यासाठी वेगळी सहल काढा. ज्याला दोन दिवस जमत नाहीत त्याने एक रात्र तरी मुक्कामाला राहावे. सकाळी येऊन संध्याकाळची गाडी पकडणाऱ्याचे अर्धे लक्ष घड्याळात असते, आणि मनातले बोलणे रात्री दहानंतरच सुरू होते.

पैशाचा विषय टाळू नका. सगळ्यांकडून सारखी रक्कम आधीच एकाकडे जमा करा आणि रिक्षापासून जेवणापर्यंत सगळे त्यातून भागवा. दर बिलाला पाकिटे बाहेर काढण्यात मजा जाते. ही रक्कम तुमच्यातल्या सर्वांत बेताच्या मिळकतीच्या मित्राला सहज झेपेल अशी ठेवा, आणि ती त्याच्यासाठी कमी ठेवली आहे हे त्याला कधीही जाणवू देऊ नका. एवढे सांभाळले तरी निम्मे काम झाले.

तारीख धरताना

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात ते हवेमुळे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे आणि सह्याद्री जवळच असल्याने पाऊसही भरपूर पडतो. जुलै-ऑगस्टात झड लागली की दिवसभर छत्री मिटत नाही. ज्यांना खिडकीपाशी बसून भजी आणि चहावरच दिवस काढायचा आहे त्यांनी खुशाल तेव्हा यावे. चालायचे असेल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम.

त्यातही काही तारखा बघून घ्या. 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी भाषिकांचा काळा दिवसही त्याच दिवशी असतो; रस्ते बंद, बंदोबस्त कडक. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसटी एखाद-दोन दिवस सीमेवरच थांबतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या नजरेखालून घाला. आणि बाहेरच्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. ते बहुधा डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात भरते. त्या काळात आमदार, अधिकारी आणि पोलीस यांनी शहरातल्या खोल्या भरलेल्या असतात. बुकिंगआधी अधिवेशनाच्या तारखा जरूर पाहा.

उलट, गर्दीच हवी असेल तर शिवजयंती धरा. बेळगावात ती परंपरेने वैशाखात तिथीप्रमाणे होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. पण तो निवांतपणा नव्हे.

मुक्काम

बसस्थानकाला लागून स्वस्त लॉज मिळतात, पण रात्रभर हॉर्न ऐकावे लागतात. टिळकवाडी, काँग्रेस रोड किंवा कॅम्पाच्या (लष्करी छावणीच्या) बाजूला जागा बघा. पायी फिरता येते. खोल्या शेजारीशेजारी मागा. फोनवरच दोन गोष्टी विचारा: सगळ्यांना एकत्र बसता येईल अशी गच्ची किंवा गॅलरी आहे का, आणि रात्री फाटक किती वाजता बंद होते. टीव्ही, एसी वगैरेची चौकशी नंतर.

कोल्हापूरहून हायवेने साधारण 110 किलोमीटर, हुबळीहून त्याहून थोडे कमी. गोव्याकडचे चोर्ला घाटाने येतात. सगळ्यांनी दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत पोहोचायचे ठरवा आणि त्या दुपारी कुठेही जाऊ नका. भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि दही देणारी साधी खानावळ शोधा. झणझणीत मटण हवे असेल तर सावजी. मग झोपा.

पहिली संध्याकाळ बाजारात

खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली हा सगळा भाग एकमेकांत गुंतलेला आहे आणि पायीच बघायचा आहे. दुकानदार तुमच्याशी मराठीत बोलेल, आतल्या पोऱ्याला कन्नडमध्ये हाक मारेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी उर्दूत भाव करेल. घाई केलीत तर हे कानावर येत नाही. बाजूच्या किर्लोस्कर रोडचे नावही उगाच पडलेले नाही; लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलींचे दुकान काढले ते याच शहरात. साड्यांची आवड असणाऱ्यांनी शहापूरकडे वळावे. शहापूर, वडगाव आणि खासबाग ही विणकरांची वस्ती आहे. मागांचा खटखटाट गल्लीतूनच ऐकू येतो.

या फेरीत मांडे करणारे दिसले तर थांबा. मैद्याचा मऊ गोळा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरतो, इतका पातळ की पलीकडचा दिवा दिसावा. तो चुलीवर पालथ्या घातलेल्या कढईवर अलगद टाकतात. वर पिठीसाखर आणि खसखस पडते, आणि गरम असतानाच भराभर घड्या घालतात, कारण गार झाला की तो मोडतो. करणाऱ्याचे हात भाजत नसतील का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. विचारा, पण त्यांचा घडीचा क्षण गेल्यावर.

दुसरा दिवस: सकाळ भरगच्च, दुपार रिकामी

सहा-साडेसहाला उठणारे दोघे-तिघे असतातच. त्यांनी टिळकवाडीतल्या वॅक्सिन डेपोत फिरून यावे. झाडी दाट आहे आणि सकाळी अर्धी टिळकवाडी तिथे चालत असते. झोपणाऱ्यांना झोपू द्या; सगळ्यांनी सगळे एकत्रच केले पाहिजे असा हट्ट मैत्रीत कामाचा नाही. इडली-वडा नाहीतर लोणी डोसा खायला सगळे एकत्र या, म्हणजे झाले.

नंतर किल्ला. दारातच गणपती आणि दुर्गेची देवळे आहेत. आत गेल्यावर कमल बस्ती हे जैन मंदिर निवांत बघा. 1204 च्या सुमाराचे, रट्ट राजघराण्याच्या काळातले हे बांधकाम. मंडपात गेलात की आधी खांबांना हात लावावासा वाटतो, इतका तो काळा दगड गुळगुळीत आहे. मग मान वर करा. छतातून दगडाचे कमळ उलटे खाली आले आहे, पाकळीवर पाकळी. खाली बसकण मारून ते दहा मिनिटे तरी बघा. शहरात एकच वास्तू बघायला वेळ असेल तर मी हीच सांगेन. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे आहे, तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा. आतच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे; स्वामी विवेकानंद 1892 च्या ऑक्टोबरात बेळगावात राहिले होते. इतिहासाची गोडी असेल तर परतताना टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघून घ्या. 1924 चे काँग्रेस अधिवेशन तिथे भरले होते, आणि गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन.

रिक्षात बसण्याआधी भाडे ठरवा.

दुपार मोकळी ठेवा, आणि मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. कुणीतरी हमखास म्हणेल, "एवढ्या लांब आलोय, गोकाकला जाऊन येऊया की." गोकाकचा धबधबा सुंदर आहे, पावसाळ्यात घटप्रभा 52 मीटरवरून कोसळते. पण जाऊन-येऊन आख्खा दिवस गाडीत जातो आणि मागच्या सीटवरचे पेंगतात. बाहेर जायचेच असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड पुरे. शहरापासून जवळ आहे, वर सिद्धेश्वराचे देऊळ आणि शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, आणि तटावरून चारी बाजूंची भातशेते दिसतात. ऊन उतरल्यावर निघा.

रात्रीचे जेवण कॅम्पाच्या बाजूला करा. बिर्याणीवाल्यांनी नियाज हॉटेलात जावे. नंतर रुंद, शांत रस्त्यांवरून जोडी-जोडीने चाला. दहा वर्षांत न बोललेले दोघे समोरासमोर टेबलावर बोलत नाहीत, शेजारी चालताना बोलतात. त्यांना थोडे मागे पडू द्या.

निघायच्या दिवशी

शेवटच्या सकाळी फक्त खरेदी. कुंदा त्याच दिवशी घ्या. दूध आटवून साखरेबरोबर तांबूस होईपर्यंत परतलेला हा रवाळ पदार्थ दुधाचाच, उन्हात गाडीत ठेवला तर आंबतो. कॅम्पातले पुरोहित मिठाईवाले नावाजलेले आहेत, पण गल्लोगल्ली चांगला कुंदा मिळतो. आधी चव मागा, देतात. मांडे घेतले तर पिशवीत कोंबू नका, मांडीवर धरून न्या. इथला बासमती हवा असेल तर रविवार पेठेत चौकशी करा आणि मूठभर हातात घेऊन वास बघा. उरलेल्या वर्गणीचा हिशेब चहा पिता पिताच मिटवा, ग्रुपवर नको.